लागर आवडते म्हणून लागरनेच सुरुवात करू नका

तुमच्या एका प्रश्नात खरं तर चार प्रश्न आहेत. सांगलीहून स्लाऊला आलात, किंगफिशर आणि कोब्रा आवडतात, तशीच हलकी पिवळी लागर (थंडीत आंबवून मुरवलेली बिअर) घरी कशी करायची; त्यासाठी विजेवर चालणारं चारशे पौंडांचं स्टीलचं यंत्र घ्यावं का; माझ्या स्वतःच्या आवडत्या बिअर कोणत्या; आणि हात बसला तर सुट्टीत सांगलीला जाऊन तिथेही एखादा घाणा काढता येईल का.

मी वेस्ट यॉर्कशायरमध्ये राहते, बरीच वर्षं घरी बिअर करते आणि मध्ये काही काळ एका छोट्या ब्रुअरीत कामही केलं आहे. घाईत असाल तर उत्तर एवढंच: यंत्र घेऊ नका, पहिली बिअर लागर नको, आणि वाचलेले पैसे तापमान सांभाळण्यावर घाला.

सांगलीचं आधी उरकते. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याच्या कलम १२ नुसार परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे. त्यात बिअरही आली, आणि ‘घरच्यापुरती’ अशी सवलत नाही. गोव्यातही बनवायला अबकारी परवाना लागतो. त्यामुळे गावी गेल्यावर पुण्यात चक्कर टाका आणि मायक्रोब्रुअरीत ताजी बिअर प्या. पुण्यात ‘डूलाली’ने २००९ साली ही सोय सुरू केली, आता भरपूर पर्याय आहेत. ब्रिटनमध्ये १९६३च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढून टाकली. स्वतःसाठी आणि मित्रांसाठी हवी तेवढी करा. विकायची मात्र नाही. आणि गाळून कडक दारू काढण्याचा विचारही करायचा नाही, ते इथेही बेकायदाच आहे.

आता लागर. तुम्हाला ती सोपी वाटते कारण ती पिताना सोपी असते. करताना उलटं आहे. फिकट लागरमध्ये चूक लपवायला जागाच नसते. काळ्या स्टाउटमध्ये भाजक्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) कडवटपणा असतो, आयपीएमध्ये (इंडिया पेल एल) हॉप्स या कडू-सुगंधी फुलांचा भडिमार असतो. त्यामागे थोडंफार इकडेतिकडे झालेलं खपून जातं. लागरमध्ये पाणी, फिकट माल्ट, जेमतेम हॉप्स आणि यीस्ट. जरा काही बिघडलं की पहिल्याच घोटात कळतं.

शिवाय लागरचं यीस्ट साधारण १० ते १३ अंश सेल्सियसला हळूहळू काम करतं, एलच्या (खोलीच्या तापमानाला आंबणाऱ्या बिअरच्या) जवळजवळ दुप्पट प्रमाणात घालावं लागतं, आणि नंतर बिअर कित्येक आठवडे शून्याच्या थोडं वर ठेवून मुरवायची असते. फिकट पिल्सनर माल्टमधल्या एका द्रव्यामुळे शिजवलेल्या मक्यासारखा किंवा कोबीसारखा वास येतो. तो घालवायला वॉर्ट दीड तास झाकण न ठेवता उकळावं लागतं. वॉर्ट म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून निघालेलं गोड पाणी, अजून न आंबलेलं. मोठ्या कंपन्या त्यात तांदूळ किंवा मका मिसळून अंग हलकं करतात आणि शेवटी बिअर गाळून लख्ख करतात. हे सगळं स्वयंपाकघरात जमतं, पण पहिल्याच वेळी नाही.

जाता जाता, इथल्या करी हाउसमध्ये ‘भारतीय’ म्हणून जी बाटली समोर येते तिने बहुधा भारत पाहिलेला नसतो. किंगफिशर इथल्यासाठी कित्येक वर्षं केंटमधल्या फेवरशॅमला शेफर्ड नीमकडे बनत होती. कोब्राची सुरुवात मात्र बंगळुरूत झाली. तिचे संस्थापक करण बिलिमोरिया यांना जेवणाबरोबर पोट न फुगवणारी, कमी गॅसची लागर हवी होती, म्हणून १९९०च्या सुमारास ती इंग्लंडमध्ये आली. पुढे तीही बर्टन अपॉन ट्रेंटला बनू लागली. तेव्हा घरची चव म्हणून जी आठवते, तिचं पाणी इंग्लिशच आहे.

माझ्या आवडीच्या बिअर सांगते, पण त्या सांगताना मला त्यांच्यातून काय शिकायला मिळालं तेही सांगते, नाहीतर यादीला अर्थ नाही.

पहिली टिमथी टेलरची ‘लँडलॉर्ड’. ती जिथे बनते ते कीथली माझ्यापासून लांब नाही. चार टक्के अल्कोहोलच्या आसपासची बिटर (इंग्लिश एलचा एक प्रकार), कास्कमधून म्हणजे पिंपातून हातपंपाने काढलेली, तळघराच्या ११ ते १३ अंशांच्या तापमानाला. भारतातून आलेल्या माणसाला पहिल्यांदा ती कोमट आणि बसलेली वाटते. दुसऱ्या ग्लासापासून संत्र्याच्या मुरांब्यासारखी चव लागायला लागते आणि मग बर्फगार लागरमध्ये आपण नेमकं काय चाखत होतो असा प्रश्न पडतो. थंडीने जीभ बधिर होते, हे त्याचं साधं उत्तर.

दुसरी बव्हेरियातली श्नायडर वाइस, गव्हाची. तिच्यात केळ्याचा आणि लवंगेचा स्पष्ट वास येतो, आणि त्यात केळं नसतं की लवंग नसते. दोन्ही वास यीस्ट तयार करतं. तेच वॉर्ट इंग्लिश यीस्टने आंबवलं तर केळंही नाही आणि लवंगही नाही. त्याच यीस्टचं तापमान वर-खाली केलं तरी त्या दोन वासांचं प्रमाण बदलतं. घरी बिअर करायला निघालेल्या प्रत्येकाने ही एक बाटली लक्ष देऊन प्यावी असं मला वाटतं.

तिसरी बेल्जियमच्या दक्षिण टोकाला असलेल्या मठातली ओर्वाल. बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटॅनोमायसीस हे रानटी यीस्ट घालतात. ताजी असताना ती हॉपी आणि कडवट असते. वर्षभराने त्याच बाटलीत चामड्याचा, गवताच्या गंजीचा वास येतो. मला सहा महिन्यांची आवडते. फक्त तिच्या तळाचा गाळ घरच्या प्लास्टिकच्या बादलीत जाऊ देऊ नका. ते यीस्ट एकदा ओरखड्यांत घुसलं की पुढच्या प्रत्येक घाण्यात पाहुणा.

आणि चौथी पिल्सनर अर्केल, कारण तुम्हाला लागर आवडते. १८४२ साली योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने प्लझेन्यमध्ये ती पहिल्यांदा केली. तिथलं पाणी विलक्षण मऊ, क्षार जवळजवळ नाहीतच, हॉप्स साझ या चेक जातीचे. जगातल्या बहुतेक पिवळ्या लागर याच बिअरच्या वंशातल्या. तिचा सोनेरी रंग आणि सौम्य कडवटपणा त्या पाण्याशिवाय तसा उतरला नसता. तुमच्याकडे स्लाऊमध्ये पाणी याच्या बरोबर उलटं आहे.

म्हणून आता पाणी. थेम्स खोऱ्यातलं पाणी खडूच्या खडकातून येतं. तुमच्या किटलीत जो पांढरा थर बसतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा. असं पाणी फिकट माल्टमध्ये घातलं की मिश्रणाची आम्लता पुरेशी वाढत नाही, आणि बिअर खरखरीत, तुरट होते. मॅशचा, म्हणजे भरडलेलं माल्ट आणि गरम पाणी यांच्या मिश्रणाचा, पीएच (आम्लतेचं माप) ५.४च्या आसपास हवा असतो. भाजलेलं काळं माल्ट स्वतःच आम्ल असतं, म्हणून लंडनची काळी पोर्टर आणि डब्लिनचा स्टाउट अशाच पाण्यात बहरले. बर्टनचं पाणीही कठीणच, पण ते कठीणपण जिप्समचं (कॅल्शियम सल्फेटचं). सल्फेटने हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि टोकदार होतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई-कलकत्त्याला जाणारी पेल एल आधी पूर्व लंडनमधल्या बो इथल्या हॉजसन ब्रुअरीकडून जायची. १८२०च्या दशकात बर्टनच्या ऑल्सपने तिची नक्कल केली आणि बर्टनच्या पाण्यात ती मूळ मालापेक्षा सरस उतरली. आज जिला आयपीए म्हणतात त्या बिअरचं पाणीच तिचं अर्धं रहस्य होतं.

तुमच्यासाठी उपाय सोपा आहे. आदल्या रात्री पाणी पंधरा मिनिटं खळखळून उकळा, गार होऊ द्या, खाली बसलेला पांढरा गाळ तसाच ठेवून वरचं पाणी ओतून घ्या. कंटाळा येत असेल तर निम्मं नळाचं आणि निम्मं बाटलीबंद मऊ पाणी मिसळा. टेस्कोचं ॲशबेक इथल्या घरगुती ब्रुअरांचं लाडकं आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला १५ लिटरला अर्धी कॅम्पडेन गोळी चुरून टाका, काही मिनिटांत काम होतं. ही गोळी काही पेनींची असते आणि ती न टाकल्यामुळे जितक्या बिअर वाया जातात तितक्या दुसऱ्या कुठल्याही कारणाने जात नसाव्यात. क्लोरीन आणि यीस्टच्या द्रव्यांचा संयोग झाला की दवाखान्यातल्या बँडेजसारखी चव येते, आणि ती कितीही मुरवली तरी जात नाही.

सामानाकडे वळते. चारशे पौंडांचं यंत्र वॉर्ट छान बनवतं. पण वॉर्ट बनवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. सहा तासांत संपतो. त्यानंतरचे दोन आठवडे बिअर कशी होणार ते ठरवतात, आणि त्या दोन आठवड्यांत ते यंत्र धुऊन कपाटात पडलेलं असतं. घ्यायचं ते असं: १८–२० लिटरचं स्टीलचं पातेलं (भारतीय दुकानात लग्नाच्या जेवणाची मिळतात, तेच स्वस्त पडतं), धान्य भिजवायला जाळीदार कापडाची मोठी पिशवी, झाकण आणि एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारी, हवा आत न येऊ देणारी झडप) असलेली खाद्यपदार्थांच्या प्लास्टिकची बादली, बाटल्या भरताना लागेल अशी दुसरी साधी बादली, सायफनची नळी, हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं साधन), बरा थर्मामीटर आणि स्टारसॅनसारखं न धुता चालणारं आम्लाचं जंतुनाशक. सगळं मिळून शंभर पौंडांच्या आत बसावं. उरलेल्या पैशांत जुना फ्रिज आणि इंकबर्डसारखा प्लगचा थर्मोस्टॅट घ्या. फ्रिज लगेच नाही मिळाला तरी चालेल. बादली पाण्याच्या टबात ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याची बाटली टबात सोडा. दिसायला ओंगळ, पण काम चोख.

पहिली बिअर इंग्लिश बिटर करा. मुख्य कारण तुमच्या घरातच आहे: इंग्लिश यीस्टला १८ ते २० अंश लागतात आणि इंग्लंडमधलं घर वर्षातले बरेच महिने नेमकं तेवढंच असतं. दुसरं म्हणजे ती तीन-चार आठवड्यांत प्यायला तयार होते. आणि ती ताजीच चांगली लागते, म्हणून धीर धरण्याची परीक्षाही नाही.

दहा लिटरचा हिशेब देते. मॅरिस ऑटर पेल माल्ट १.७५ किलो, मध्यम क्रिस्टल माल्ट १३० ग्रॅम, दोन्ही दुकानातूनच भरडून घ्या. ईस्ट केंट गोल्डिंग हॉप्स ५० ग्रॅम, पाकिटावर अल्फा (कडू आम्लाचं प्रमाण) ५ टक्क्यांच्या आसपास असलेले. यीस्ट सेफएल एस-०४चं एक पाकीट. वरच्या पद्धतीने मऊ केलेलं पाणी १५ लिटर, त्यात २ ग्रॅम जिप्सम.

पाणी ७० अंशांना आणा, आच बंद करा, पिशवी सोडा आणि भरडलेलं माल्ट गुठळ्या न होऊ देता त्यात ढवळा. तापमान ६६–६७ वर येईल. पातेल्याला जुनी रजई गुंडाळून तासभर ठेवा. या तासात माल्टमधली विकरं पिठाची साखर करतात. दोन मुख्य विकरं आहेत: एकाला ६२–६५ आवडतात, ते यीस्टला खाता येईल अशी साखर करतं आणि बिअर कोरडी होते, दुसऱ्याला ७०च्या पुढे आवडतं, ते यीस्टला न पचणारी साखर मागे ठेवतं आणि बिअरला अंग येतं. ६६–६७ हा मधला मार्ग. एखादा अंश इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही. चार-पाच अंश झाला तर वेगळी बिअर होते, एवढंच. थर्मामीटर उकळत्या पाण्यात आणि बर्फाच्या पाण्यात एकदा तपासून घ्या.

तासाने पिशवी उचला, निथळू द्या, दाबून पिळलीत तरी चालतं. पिळल्याने बिअर तुरट होते हे जुन्या लोकांचं म्हणणं मला कधी पटलेलं नाही. आता वॉर्ट उकळायला ठेवा. पहिली उकळी फुटताना फेस एकदम वर येतो, तेव्हा शेगडीसमोरून हलायचं नाही. उकळी स्थिर झाली की २० ग्रॅम हॉप्स. तास संपायला दहा मिनिटं राहिली की १५ ग्रॅम, आणि आच बंद केल्यावर उरलेले १५. आधी घातलेल्यांनी कडवटपणा येतो, शेवटी घातलेल्यांनी वास. कारण हॉप्समधलं कडू आम्ल विरघळायला बराच वेळ उकळी लागते आणि सुगंधी तेलं त्याच उकळीने उडून जातात.

इथपर्यंत स्वच्छतेची फार चिंता नाही, उकळी सगळं मारते. आच बंद झाली की नियम बदलतात. यापुढे जे जे बिअरला लागेल, ते जंतुनाशकातून काढलेलंच हवं: नळी, चमचा, बादली, हायड्रोमीटर, एअरलॉक. आधी घासून स्वच्छ, मग जंतुनाशक. मळ असेल तर जंतुनाशक त्याच्या खाली पोचत नाही. फेस राहिला तर राहू द्या, धुऊ नका.

पातेलं झाकून सिंकमध्ये गार पाण्यात ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला, शेवटी बर्फ घाला. २० अंशांवर आलं की बादलीत उंचावरून ओता, खळखळाट होऊ दे, कारण वाढीच्या सुरुवातीला यीस्टला प्राणवायू लागतो. (हीच एक वेळ. आंबणं सुरू झाल्यावर बिअरला हवा लागू द्यायची नाही.) मग यीस्ट. गरम वॉर्टमध्ये ते टाकणं म्हणजे उकळत्या दुधात विरजण घालणं. हायड्रोमीटर १.०४०च्या जवळ दाखवेल. आकडा लिहून ठेवा.

आता ज्यासाठी मी इतका वेळ फ्रिजचं सांगते आहे ते. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता तयार करतं. खोली २० असेल तर जोरात आंबणारी बिअर २३–२४ला सहज जाते. खोलीतला थर्मामीटर बघून तुम्ही निर्धास्त असता आणि आत यीस्ट तापलेलं असतं. तापलेलं यीस्ट नेलपॉलिशसारखा वास देतं, डोकं धरणारी जड अल्कोहोलं तयार करतं, आणि हे सगळं पहिल्या तीन दिवसांत होऊन जातं. चौथ्या दिवशी थंड करून उपयोग नाही. म्हणून थर्मोस्टॅटची तार बादलीच्या बाहेरच्या अंगाला चिकटवा, वरून फोमचा तुकडा लावा, म्हणजे ती हवेचं नाही तर बिअरचं तापमान सांगेल. पहिले तीन-चार दिवस १८ ठेवा. बुडबुडे मंदावले की २०–२१ला जाऊ द्या. शेवटची ही ऊब महत्त्वाची असते. यीस्ट आधी सोडलेलं लोण्याच्या वासाचं द्रव्य परत खाऊन टाकतं.

एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली असं नसतं. दहाव्या दिवशी हायड्रोमीटर लावा, दोन दिवसांनी पुन्हा लावा. दोन्ही वेळा १.०१०च्या आसपास तोच आकडा आला की झाली. वजाबाकीवरून अल्कोहोल साधारण ३.९ टक्के येतं. हिरव्या सफरचंदासारखा वास येत असेल तर अजून तीन दिवस राहू द्या, यीस्टचं काम अर्धवट आहे. नमुना चाखा आणि पिऊन टाका, बादलीत परत ओतू नका.

बाटल्या भरताना १० लिटरला ५० ग्रॅम साधी साखर, थोड्या उकळत्या पाण्यात विरघळवून, दुसऱ्या बादलीच्या तळाशी. त्यावर सायफनने बिअर सोडा, नळीचं टोक तळाला, शिंतोडे नकोत. उरलेलं यीस्ट बाटलीत ही साखर खातं आणि गॅस तयार होतो. लागरचा फेस आवडतो म्हणून साखर वाढवावीशी वाटेल. बिटरला नका वाढवू. आणि अर्धवट आंबलेली बिअर काचेच्या बाटलीत कधीच भरू नका. काच फुटते, आणि फुटते तेव्हा चेष्टा नसते. पहिल्या खेपेला अर्धा लिटरच्या तपकिरी प्लास्टिकच्या बाटल्या घ्या. दाबून पाहिलं की गॅस किती भरला ते कळतं. तपकिरीच, कारण उजेडाने हॉप्सचं कडू द्रव्य फुटून स्कंक या दुर्गंधी प्राण्यासारखा दर्प येतो. हिरव्या काचेतल्या परदेशी लागरला तो अनेकदा असतो आणि लोकांना तीच तिची चव वाटते. दोन आठवडे घरातल्या तापमानाला, मग थंड जागी. ओतताना तळाचा गाळ बाटलीतच राहू द्या.

तुमच्या प्रश्नात नाही, पण पुढे विचाराल म्हणून: आपले पदार्थ. धने जरूर. बेल्जियन गव्हाच्या बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल घालण्याची जुनी रीत आहे. ही बिअर बंदच पडली होती, ती पिएर सेलिस यांनी १९६०च्या दशकात हूखार्डनला पुन्हा सुरू केली. आपले लांबट भारतीय धने त्यासाठी युरोपातल्या गोल धन्यांपेक्षा मला जास्त आवडतात, लिंबाकडे झुकणारा वास असतो. १० लिटरला ८–१० ग्रॅम, जाडसर कुटून, शेवटच्या पाच मिनिटांत. कोकम गोजेत, म्हणजे आंबट-खारट जर्मन बिअरमध्ये, अप्रतिम लागतं. गोजेमध्ये आधीच मीठ आणि धने असतात, म्हणजे कोकम सरबत अर्धं तयारच. हापूसचा डबाबंद रस घालायचा तर मुख्य आंबणं संपल्यावर, आणि अपेक्षा माफक ठेवून: साखर यीस्ट खातं, मागे पुसट वास उरतो. गूळ काळ्या बिअरमध्ये छान बसतो, दहा लिटरला शंभर ग्रॅम, उकळीच्या शेवटी. वेलदोडा बाकी सगळ्यांवर मात करतो, दूर ठेवा. आणि सांगलीकर म्हणून हळदीचा मोह होईल. नको.

दुसरा घाणा पोर्टरचा करा. बिटर बाटल्यांत भरल्यावर बादलीच्या तळाशी जो दाट यीस्टचा गाळ उरतो तो जंतुनाशकातून काढलेल्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभरात वापरला तर नवीन पाकीट लागत नाही. क्रिस्टल माल्ट तेवढंच, पेल माल्टमधून पाव किलो कमी करा आणि त्याऐवजी १५० ग्रॅम ब्राउन आणि १०० ग्रॅम चॉकलेट माल्ट घाला. पाणी या खेपेला उकळून मऊ करायची गरज नाही, जिप्समही नको, फक्त कॅम्पडेन. स्लाऊचं पाणी याच कामासाठी आहे. शेवटचे दोन्ही हॉप्सचे हप्ते वगळले तरी चालेल.

लागर त्यानंतर. तोवर फ्रिज आणि थर्मोस्टॅट हाताशी असेल आणि १२ अंश म्हणजे १२ अंश ठेवणं जमू लागलेलं असेल. तेव्हा पाणी जवळजवळ सगळं ॲशबेकचं घ्या. पिल्सनर माल्टच्या दहा टक्के शिजवलेला तांदूळ मॅशमध्ये मिसळा, म्हणजे किंगफिशरच्या जातीचं हलकं अंग येईल. दीड तास उकळा, हॉप्स साझचे आणि बेताचे. यीस्ट डब्ल्यू-३४/७०, दहा लिटरला एक अख्खं पाकीट. हे लागरचं यीस्ट बरंच सोशिक आहे, १४ला गेलं तरी रुसत नाही. आंबून झाल्यावर दोन दिवस १८ला, मग फ्रिजच्या सगळ्यात थंड खुणेवर महिनाभर. साखर लिटरला साडेसहा ग्रॅम. जानेवारीत बाटल्या उघडायच्या असतील तर ऑक्टोबरअखेरपर्यंत उकळून घ्या.